मशीन परत आलं

सोमवार, १९ एप्रिल २०२१

भालचंद्रने आज मंडळाच्या ग्रुपवर माझं तोंड बंद केलं. बोलल्याशिवाय मला राहवत नाही — म्हणून हे लिहिणं.

झालं ते असं. सकाळी त्याने फुलांचं चित्र टाकलं. वर अक्षरं — 'सकारात्मक राहा, सगळं छान होणार!' मी खाली लिहिलं, 'कधी, तेही लिहा. आसपासच्या एकाही हॉस्पिटलात बेड नाही. मी स्वतः फोन करून विचारलं आहे.' लगेच नियम आला. यापुढे फक्त अध्यक्ष लिहितील — म्हणजे तोच. आजारपणाच्या आणि मृत्यूच्या बातम्या कोणी टाकायच्या नाहीत. आमचं हे नोएडातलं मराठी मंडळ — गणपतीत आरती कुणी सांगायची यावरून माईकवर भांडणारं — आणि आता मरणाला बंदी!

घरात दीनानाथ टीव्हीसमोर. चार चौकटींत चार माणसं ओरडतात, पाचवीत चिता. मध्येच च्यवनप्राश.

"अहो, बंद करा तो."

"मी बंद केल्याने ते थांबणार आहे का?"

"नाही. पण आमटी गार होते आहे."

(तोंडावर अहो, कागदावर दीनानाथ. लग्नापासूनचा नियम आहे.)

आज रात्रीपासून दिल्लीत लॉकडाऊन. इकडे काय, ते कळेलच.

बुधवार, २१ एप्रिल

रामनवमी. सुंठवडा केला. वाटायला एक दार उघडं नाही. दोघांनीच खाल्ला. घसा जळला.

दुपारी भालचंद्रचा फोन. "वहिनी, रागावलात?"

"हो."

"अहो, लोक घाबरलेत हो. आमची सुनंदा रात्र रात्र फोनकडे बघत बसते. तुम्ही मंत्रालयात कात्रणं करायचात ना? मग रोज एक चांगली बातमी शोधून द्या की. लिहायला तुम्हाला एकटीला मोकळीक देतो."

कात्रणं! उभी नोकरी तीच केली. उजाडता ऑफिसात — कात्री, डिंक, वर्तमानपत्रांचा ढीग. दोन फायली. अनुकूल आणि प्रतिकूल. अनुकूल कायम किडकिडीत, तीही निम्मी आमच्याच खात्याच्या जाहिरातींनी भरलेली. साहेब तीच आधी उघडायचे.

अट घातली. "बातमी खरी असेल तरच. आणि खात्री मी स्वतः करणार."

"बिल्कुल, वहिनी, बिल्कुल!"

गुरुवार, २२ एप्रिल

घरी येतात ती दोन आणि फोनवर मिळाली ती, सगळी वर्तमानपत्रं वाचली. अनुकूल फायलीत जाईल असं एवढंच: एका कंपनीचा नफा वाढला. एका नटाने समुद्राकाठी घर घेतलं. दिल्लीची हवा सुधारली.

हवा सुधारली! घ्यायची कोणी?

काही टाकलं नाही.

शुक्रवार, २३ एप्रिल

भालचंद्र — "वहिनी, काहीतरी टाका ना."

मी — "काहीतरी माझ्याकडे मिळत नाही."

शनिवार, २४ एप्रिल

मूर्ख मी. पेपरात काय शोधते आहे? पेपरवाल्यांना आमच्या माणसांची काय खबर! मंडळाची यादी काढली आणि सरळ फोन लावत सुटले. पहिल्या तीन घरांत जे ऐकलं ते न लिहिण्यासारखं. चौथी अलकनंदा. शाळेत शिकवते, आजारी पडून दोन आठवडे झाले, वास गेलेला.

"हेमाताई, आज मला फोडणीत हिंगाचा वास आला! तशीच उभी राहिले बघा गॅससमोर. मोहरी जळून गेली हो सगळी!"

लिहिलं — 'अलकनंदाला आज हिंगाचा वास आला. तिने स्वतः सांगितले. — हेमलता.'

ग्रुपवर उत्तर द्यायची सोय नाही, म्हणून लोकांनी फोन केले. दुपारभर घंटी. एका बाईने विचारलं, "कुठला हिंग हो?" एक म्हातारे गृहस्थ नुसते हसत होते. हसता हसता खोकले, पुन्हा हसले. टीव्हीवर काय चाललं आहे तो विषय आज कुणी काढला नाही.

दीनानाथ म्हणाले, "एवढ्या वर्षांत तुझं पहिलं खरं अनुकूल कात्रण."

सोमवार, २६ एप्रिल

मंडळाचं एक मशीन आहे. गेल्या वर्षी गणपती बसला नाही, त्या वर्गणीतून घेतलं. हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने नाकात सोडतं. एकच आहे. भालचंद्रचा अविनाश गाडीत घालून घरोघर पोचवतो. नियम साधा — बरं वाटलं की परत, मग पुढचं घर.

सध्या ते दिल्लीत आर. के. पुरमला आहे, गुणवंतकडे. केंद्र सरकारात नोकरी, चाळिशीचा. दरवर्षी मखर तोच करतो आणि कुणी हात लावला की ओरडतो. फोन त्याच्या बायकोने घेतला, वासंतीने. "काकू, आज दोन घास खिचडी खाल्ली त्यांनी. आणि मीठ कमी म्हणून भांडले!"

हे जसंच्या तसं टाकलं. मिठासकट.

बुधवार, २८ एप्रिल

दीनानाथना ताप. टीव्ही त्यांनी आपणहून बंद केला. त्याचीच मला धास्ती वाटते आहे.

"माझी बातमी कुठल्या फायलीत घालणार?"

"गप्प पडा."

शुक्रवार, ३० एप्रिल

सकाळी अविनाशचा मेसेज. 'काकू, मशीन आर. के. पुरमहून परत आलं.'

वासंतीला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला नाही. ताप उतरत नव्हता, ओल्या पट्ट्या बदलत होते. आणि खरं सांगायचं तर बातमी आज मलाच हवी होती.

लिहिलं — 'गुणवंत बरा झाला. मशीन परत आलं.'

'स्वतः सांगितले' एवढं मात्र हातून लिहवलं नाही.

शनिवार, १ मे

सकाळी वासंतीचा फोन आला. आवाज अगदी सरळ.

"काकू, परवा रात्री गेले ते. मशीन चालूच होतं. काल सकाळी अविनाश आला, त्याच्या हातात दिलं. मग आम्ही रांगेत उभे होतो. स्मशानात. तिथे फोन वाजत होते, सारखे. अभिनंदन, वासंती! पेढे कधी, वासंती!"

मी दीनानाथच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"मी थँक्यू म्हणत राहिले, काकू. कोणाकोणाला समजावू? आणि सांगू तरी कुठे? तुमच्या ग्रुपवर मरायची परवानगी नाही ना."

तिची माफी मागितली. "हं," म्हणाली. फोन ठेवला तिने.

अविनाशला विचारलं, तुला माहीत होतं?

"होतं, काकू. पण पप्पांनी सांगितलंय, असलं काही लिहायचं नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

जे मशीन माणूस बरा झाला तरी परत येतं आणि मेला तरी परत येतं, त्याच्या परत येण्याला मी बातमी समजले. उभ्या नोकरीत एक कात्रण चुकीच्या फायलीत गेलं नव्हतं माझं.

ग्रुपवर लिहिलं — 'गुणवंत गुरुवारी रात्री गेला. कालची बातमी खोटी होती. मी खात्री केली नव्हती. — हेमलता.'

लगेच भालचंद्र. "वहिनी, काढा ते! लोक खचतील!"

"काढणार नाही. वासंती एकटी पडली आहे. लोकांना निदान गप्प तरी राहू दे."

"मग मला तुमचं लिहिणं बंद करावं लागेल."

"कर."

केलं त्याने. आज महाराष्ट्र दिन. मंडळाच्या ग्रुपवर झेंडा आणि फुलं.

सोमवार, ३ मे

दीनानाथना धाप. बोटाला लावायच्या त्या चिमट्याचा आकडा नव्वदच्या खाली. बेड नाही. फॅमिली डॉक्टर फोनवर म्हणाले, मशीन मिळत असेल तर आत्ताच्या आत्ता लावा.

मशीन भालचंद्रच्या घरी. मागायचं त्याच्याकडेच. मागितलं.

अविनाशला पाठवलं नाही, स्वतः घेऊन आला. दाराशी ठेवलं आणि जिन्यात चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. "वहिनी, चालू झालं का?"

"झालं."

मग गेला.

मंगळवार, ४ मे

मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं. धूळ जाऊ नये म्हणून त्याला एक खोळ होती, निळी, नव्याने शिवलेली. बंद असताना घालायची. कुर्त्याची आहे. खिशाची शिवण तशीच ठेवली आहे.

दीनानाथ तिच्याकडे बघत होते. नाकात नळी, बोलताना दम लागतो. "ही कुणाची गं?"

"वासंतीने शिवली आहे, अविनाश सांगत होता. गुणवंतच्या कुर्त्याची."

"गुणवंत बरा झाला ना? तूच वाचून दाखवलं होतंस."

खोटं बोलता आलं असतं. एक खोटं झालं होतंच, दुसरं कुणी मोजलं असतं?

"नाही," मी म्हटलं. "गेला."

डोळे मिटून पडले. म्हणाले, "तो मखराला हात लावू द्यायचा नाही. हे नीट वापर हं. ओढाताण करू नकोस नळीची."

शुक्रवार, ७ मे

काही नाही. आकडा तिथेच. पेपर दाराबाहेर साठले आहेत. उचलले नाहीत.

सोमवार, १० मे

अविनाशचा फोन. त्याच्या आईला, सुनंदाला ताप, धाप लागते आहे. "पप्पा म्हणाले, तुम्हाला काही बोलायचं नाही. काकांना लागेल तोवर ठेवा. मी असंच सांगतोय." आणि रडायला लागला पोरगा.

काय सांगू त्याला? लवकर बरे व्हा म्हणून दीनानाथना दटावू?

बुधवार, १२ मे

संध्याकाळी मशीन बंद केलं. घरात केवढी शांतता.

गुरुवार, १३ मे

सकाळी भालचंद्रला फोन केला — "मशीन घेऊन जा." पंधरा मिनिटांत खाली.

सुपूर्द केले ते असे: मशीन एक, पुसून. नळी एक, नवी. पाण्याची बाटली एक, उकळलेल्या पाण्याने धुऊन. खोळ एक, निळी, गुणवंतच्या कुर्त्याची.

घेईना. मास्कवर नुसते डोळे. "वहिनी, दीनानाथ?"

"बरे आहेत."

"खरं सांगा, वहिनी. सुनंदाला काय सांगू मी? खरं सांगा."

माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती. वर गेले. "अहो, उठा." शाल दिली, धरून गॅलरीत आणलं, कठड्याशी उभं केलं. दोन्ही हातांनी कठडा धरला त्यांनी. कालपासून नळीवाचून आहेत.

खाली भालचंद्र मान वर करून बघत राहिला. मोठा माणूस, रस्त्यात उभा राहून रडला.

दीनानाथ वरून ओरडले — ओरडले कसले, पुटपुटले, पण त्याला ऐकू गेलं — "भाल्या, गिरणीसारखं घरघरतं रे! सुनंदाच्या कानात कापूस घाल!"

मशीन उचललं त्याने.

पोच: दीनानाथ, उभे. भालचंद्रने स्वतः पाहिले.