व्याह्याच्या पुढे चाक

२ नोव्हेंबर, रविवार
हादरलोय. नेहमीप्रमाणे भास्कर सायकलने धुळ्याहून आला, मी जळगावहून, पारोळ्याला गाठ. तिथून अमळनेर रस्त्याने जाऊन परत, आणि शेवटी पाण्याच्या टाकीपर्यंत शर्यत. तरुणपणापासूनचा रिवाज. टाकी दिसली, सीटवरून उठलो, सगळा जोर लावला आणि काही झालंच नाही! कॅपॅसिटर गेलेली मोटर नुसती हूं हूं करते, उठत नाही, तसं. भा. केव्हाच सुटला. मी पोचलो तेव्हा केळं सोलत उभा. "सुध्या, रस्तामा झोपी गया व्हता का रे?"
छप्पन्न वय. दम लागत नाही, दिवसभर चालवतो. फक्त उसळी गेली. जानेवारीत धुळ्याची स्पर्धा, पन्नाशीपुढचा गट. उसळीशिवाय तिथे जाऊन काय करायचं...

५ नोव्हेंबर
निखिलला सांगितलं. पोरगा हसला नाही, हे विशेष. म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसती लांब लांब चालवता. पाय संथ झाले. कमी चालवा, पण जीव तोडून. मग पूर्ण विश्रांती. आणि वजन उचला." जिममध्ये जायची लाज वाटते. आपलं रिवाइंडिंगचं दुकान काय वाईट आहे? जळालेल्या पंपाच्या मोटरी पडल्यातच. एक छातीशी धरली आणि उठाबशा काढल्या. असोद्याचा एक शेतकरी मोटर न्यायला आलेला, बघतच राहिला. "शेठ, दुरुस्त झाली का तिला खेळवताय?"

१९ नोव्हेंबर
असोदा रस्त्यावर जोराच्या उसळ्या. मध्ये सायकल टेकवून बांधावर बसायचं. हे बसणंच जड जातं. ही म्हणते, मुलाचं लग्न तोंडावर आलंय आणि नवरदेवाचा बाप मांडी चोळत बसतो.

३० नोव्हेंबर
निखिलचं लग्न लागलं. भास्करची प्राजक्ता आमच्या घरी आली. भा. माझा दोस्त होता, आता व्याही. पाठवणीला लहान पोरासारखा रडला. मला म्हणाला, "भाऊ, सांभाळा." भाऊ! मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला म्हणतोय की काय.

१४ डिसेंबर, रविवार
जिंकलो!! विश्वास बसत नाही. टाकी दिसली, उठलो, आणि सायकल पायाखालून पळायला लागली. भा. दोन सायकलींएवढा मागे. तो म्हणाला, "भाऊ, तुमना पायमा वीज उनी." पायात वीज आली म्हणतो! घरी येऊन हिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, पोळी खा.

२८ डिसेंबर, रविवार
पुन्हा जिंकलो. सहज. मागून भा.च्या चाकाचा चूं चूं आवाज येत होता. मागच्या वेळीही येत होता. दुकानातली वंगणाची डबी सोबत होती ती देऊन टाकली. मुकाट्याने खिशात घातली. म्हातारा झाला बिचारा. धुळ्याला पहिला नंबर माझाच, आता लिहायला हरकत नाही.

३ जानेवारी, शनिवार
संध्याकाळी भरीत-पुरी. मी आपला उसळीच्या गप्पा मारतोय. प्राजक्ता वाढता वाढता हसून म्हणाली, "पप्पांनी आईला आधीच सांगितलंय, पोर दिली त्या घराच्या पुढे चाक काढायचं नाही. शेवटी ब्रेकवर बोट ठेवतात ते."
पुरी हातातच राहिली. तिच्या लक्षात आलं, तोंडावर हात घेतला. निखिल ताटात बघत होता. म्हणजे यालाही माहीत!
चूं चूं. ब्रेक होता तो. आणि मी वंगण दिलं.
दोन महिने मोटरी उचलल्या. उसळी आली की नाही आली? आता मला कोण सांगणार? चीड, लाज, सगळं एकदम. जेवलो नाही.

४ जानेवारी, रविवार
पारोळ्याला पोचल्या पोचल्या विचारलं, "भास्कर, ब्रेक दाबतोस?" हेल्मेटचा पट्टा काढला, लावला, पुन्हा काढला.
"भाऊ, पोर देयेल शे तुमना घरमा."
"अरे, पण सायकल काय वरातीतली आहे का? मला माझे पाय बघायचेत!"
"तुमले नही समजाव. तुमी पोऱ्याना बाप शेतस."
मुलाचा बाप म्हणून मला समजणार नाही? संतापलो. बोलून गेलो, धुळ्याच्या स्पर्धेत तुझं बोट ब्रेकवर दिसलं तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तोंड पांढरं पडलं त्याचं. टाकीपर्यंत कोणीच पळालं नाही. शेजारी शेजारी आलो.

११ जानेवारी, रविवार
धुळे. जमेल तसं लिहितो.
शेवटच्या सरळ रस्त्याला घोळक्यातून आम्ही दोघंच पुढे. मी आधी उठलो. आणि आली! पोटातून, कमरेतून, खरीखुरी. त्याच क्षणी भा. बाजूने आला. बोटं ब्रेकपासून लांब, दात आवळलेले. गेला पुढे. नोव्हेंबरात असाच गेला होता तेव्हा रस्ता रिकामा झाला होता माझ्यासाठी. आज त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलो. सुटलो नाही! रेघेवर हातभर मागे.
हरलो. आणि ओरडत होतो आनंदाने. लोकांना वाटलं, मलाच पहिला नंबर मिळाला. भास्करही हसला, मोठ्याने, लग्नाआधी हसायचा तसा. मग त्याला रेघेजवळ उभी असलेली त्याच्या घरची मंडळी दिसली. कोणी टाळी वाजवत नव्हतं. त्याने हेल्मेट काढलं आणि गाडीकडे गेला. बक्षीस घ्यायला आलाच नाही.

१२ जानेवारी
विहीणबाईंचा फोन. रडत होत्या. "चारचौघांत व्याह्यांना मागे टाकलं हो यांनी." मी म्हटलं, मीच सांगितलं होतं. ऐकूनच घेईनात. फोन ठेवला तर ही म्हणते, "तुम्ही सांगितलं असेल हो, पण लोकांना ते काय माहीत?" म्हणजे हिलाही लागलंय! प्राजक्ता दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी थक्क आहे. इतकं सुखाचं हरणं मला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि घरात मात्र कोणी गेल्यासारखी शांतता.

१३ जानेवारी, मंगळवार
पाणी पितो म्हणून आत आलोय. बाहेर नाना बसलेत, भास्करचे थोरले भाऊ. घराचा शब्द त्यांचा. भा. त्यांच्या शेजारी, मान खाली.
नानांनी पिशवीतून नारळ काढला, टॉवेल-टोपी काढली. मला हरल्याबद्दल टॉवेल-टोपी! उठून उभे राहिले. हात जोडले, पंचाहत्तरीच्या माणसाने.
"भास्करनी चूक व्हयनी, भाऊ. मनमा ठेवू नका. मी त्याले सांगी दिधं. आते तो जन्मभर तुमना पुढे जाणार नही."
टोपी घातली की चूक मान्य, माफी मान्य, आणि नानांचा शब्द पक्का. मग भास्कर मरेपर्यंत ब्रेक दाबणार. मी मरेपर्यंत जिंकणार. आणि ही उसळी, जी परवा कुठे सापडली, ती राहिली की गेली हे मला पुन्हा कधीच कळणार नाही. नाही घातली तर नानांचा अपमान. पोर त्यांची आमच्या घरात.
आत यायच्या आधी भा.ला विचारलं, रविवारी पारोळ्याला येतोस? त्याने नानांकडे बघितलं.
ही दारातून खुणावतेय, चला. तिच्या मागे प्राजक्ता. डोळे सुजलेले.
"बाबा, नाना अजून उभेच आहेत."