काकांच्या नदीचा पहिला वाचक

ग्रंथालय, जेवणाची सुटी
४ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग खुशाली. काकांची खोकी कोणीतरी मागितली!

आज सकाळी मागणीची चिठ्ठी माझ्या खिडकीतून आत आली आणि तिच्यावर काकांचं नाव. मी ती उलटसुलट करून पाहिली. क्षणभर वाटलं, आपणच कधीतरी हौसेने भरून ठेवलेली असेल. पण अक्षर परकं होतं, आणि शुद्धलेखनाची एक चूकही होती. मी काही ती केली नसती.

माझं काम तुला ठाऊक आहे. वाचकाने मागितलेलं खोकं तळघरातून आणायचं आणि संध्याकाळी जागच्या जागी ठेवायचं. विद्यापीठाने दारावर पाटी ‘अभिलेखागार’ अशी लावली आहे, पण आम्ही सगळे ‘कागदघर’च म्हणतो. मोठ्या माणसांची पत्रं, टिपणं, अपुरे राहिलेले ग्रंथ, सगळं इथे येतं. काहींना रोज मागणी. काहींना माझ्या फडक्याखेरीज कोणी विचारत नाही. काकांची सात खोकी दुसऱ्या जातीतली. म्हणजे आजपर्यंत होती.

ढकलगाडीचं पुढचं चाक कुरकुरतं, म्हणून मी ती अर्धी उचलूनच वाचनकक्षात नेली. वाचकाने फीत सोडली आणि काकांचा मोठा नकाशा उलगडला. बाजाररस्त्याच्या खालून जुनी नदी वाहत होती असं दाखवणारा, निळ्या शाईने काढलेला तोच. वाचक त्यावर इतके वाकले की नाक नदीत बुडायचंच बाकी होतं. मी उगाच बाजूचं रिकामं टेबल पुसत उभा राहिलो. शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि मी निघालो.

वाचकाचं नाव सांगता येणार नाही. कोण काय वाचतं हे बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. एवढं लिहिलं तेही जास्त झालं की काय, अशी धाकधूक आहे.

मी बरा आहे. खोकला गेला. लोभ आहेच, त्यात आजच्यापुरती थोडी भर घालावी ही विनंती.

तुझा,
चिंतोपंत
(हे नाव तूच पाडलंस, आता तूच वाच.)


घरी
७ फेब्रुवारी

चि. चिंतोपंतास,
अनेक उ. आ.

पत्र दारातच उभ्याने वाचलं. आत दूध उतू गेलं. जाऊ दे मेलं.

नियम तुझे तुला लखलाभ. नाव नको मला. पण म्हातारं माणूस आहे की तरुण? एकटं येतं की कोणी धाडलंय? आणि नकाशा पाहताना हसू आलं का त्यांना? हे शेवटचं मात्र खरं सांग. माझी शपथ आहे.

तू लहान होतास, तुला सगळं आठवत नसेल. तुझे काका शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी कुदळ घेऊन लोकांची परसं खणायचे. कमरेइतकं खोल गेलं की गोल गोल गोटे लागायचे, आणि मग हा एवढा मोठा माणूस चिखलात उभा राहून मला हाका मारायचा. वकीलसाहेबांच्या गुलाबांची मुळं तोडली तेव्हा ते चार महिने आमच्याशी बोलले नाहीत. सगळे तोंडावर म्हणायचे, वा मास्तर! पाठ वळली की कपाळाला बोट. ‘नदीवेडे मास्तर’ हे नाव पोस्टमनलासुद्धा ठाऊक होतं, त्या नावाने आलेलं पाकीट तो बिनचूक आपल्याच घरी टाकायचा.

ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे खोकी तुमच्या ग्रंथालयाच्या गाडीत चढवली त्या दिवशी वकीलीणबाई म्हणाल्या, की रद्दीवाल्याने निदान चार पैसे तरी दिले असते. मी हसून साजरं केलं. दार लावल्यावर काही हसले नाही.

म्हणून विचारते रे. त्या माणसाचं आयुष्य रद्दीत गेलं की नाही, एवढंच मला माझे डोळे मिटायच्या आत कळू दे. बाकी काही मागणं नाही.

वाचकाला पाणीबिणी विचारत जा. शेवटी आपल्याकडे आलेलं माणूस आहे.

आशीर्वाद आहेतच. उत्तराला उशीर केलास तर ते परत मागेन.

तुझी,
काकू


ग्रंथालय
१० फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

पाणी विचारता येत नाही. वाचनकक्षात पाण्याची बाटली दिसली तर प्रमुख बाई बाटली आत ठेवून माणसाला बाहेर काढतील. शाईचं पेनही चालत नाही, फक्त शिसपेन्सिल.

हसू आलं नाही, काकू. शपथेवर सांगतो. मी आठही दिशांनी टेबलं पुसून खात्री केली. वाचक रोज येतात आणि उठतात ते घंटा झाल्यावरच. दोन खोकी संपली, तिसरं चालू आहे. काकांनी प्रत्येक खड्ड्याचं टिपण केलंय ना, खोली किती, गोटे केवढे, माती कसली, ते सगळं उतरवून घेतात. काल नकाशावर दोरा धरून नदीची लांबी मोजत होते आणि त्या नादात पेन्सिल चावत होते. चावून चावून तिचं टोक पार चघळून टाकलंय.

मला इतका आनंद झाला आहे की परवा मी एका प्राध्यापकांचं खोकं दुसऱ्याच प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. तेही अर्धा तास वाचत बसले, त्यांनाही कळलं नाही.

प्रमुख बाई म्हणाल्या, की वाचक यावर लेख लिहिणार आहेत. छापून येणारा लेख! काकांच्या नदीवर! वकीलीणबाईंना मी स्वतः वाचून दाखवणार.

लोभ करतेस तो सध्या पुरून उरतो आहे, तरी थांबवू नये.

तुझा,
चिंतोपंत


ग्रंथालय
१६ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. काम चालू आहे. वाचकही येतात. हवा चांगली आहे. तब्येतीस जपावे.

लोभ असावा.

तुझा,
चिंतोपंत


घरी
१९ फेब्रुवारी

चि. चिंतोपंतास,
आ.

हवा चांगली आहे? तू हवेबद्दल कधीपासून लिहायला लागलास? नववीचा निकाल लागला तेव्हाही तू दारात उभं राहून मला हवा चांगली आहे असंच सांगितलं होतंस, आणि प्रगतिपुस्तक गादीखाली निघालं.

तिकडे काहीतरी बिनसलंय. कागदांना वाळवी लागली? वाचक यायचे थांबले? की हसले शेवटी?

जे असेल ते सरळ लिही. मी चांगली खंबीर बाई आहे, नदीबरोबर संसार केलाय मी. उलट टपाली उत्तर आलं नाही तर मी स्वतः येऊन तुझ्या त्या खिडकीत उभी राहीन आणि प्रमुख बाईंसमोर तुझा कान धरीन.

काकू


ग्रंथालय
२१ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

कृपा करून हे बसून वाच.

चौदा तारखेला मी खोकं उचलायला गेलो होतो. प्रमुख बाई वाचकाशी बोलत होत्या. वाचक म्हणाले, की नदी नव्हतीच. गोटे पाण्याने आणलेले नाहीत, माणसांनी अंथरलेले आहेत. तो एक जुना रस्ता आहे आणि गोटे म्हणजे त्याचा पाया. बाजारापासून शाळेपर्यंत काकांच्या खड्ड्यांची रांग अगदी बरोबर आहे. पण शाळेपुढे काकांनी नदी आपल्या घराकडे वळवली, ते नुसत्या अंदाजाने, तिथे एकही खड्डा नाही. रस्ता वळत नाही, सरळ पुढे जातो, असं ते लेखात लिहिणार आहेत. काका चुकले, असं छापून येणार आहे, काकू. काकांच्या नावासकट.

खोकं माझ्या हातून सुटता सुटता राहिलं. मी ते छातीशी धरून तळघरात आलो आणि जिन्यावर बसलो. मनात येऊ नये ते आलं. उद्या सांगावं, की खोकं सापडत नाही. फडताळ बदललं की इथे कागद दहा-दहा वर्षं सापडत नाहीत, आणि फडताळं बदलतो मीच. पण काकांनी ज्या जागी ठेवायला दिलं तिथून मीच हलवायचं? ते काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सातवं खोकं मीच नेऊन दिलं.

तू एकच गोष्ट मागितली होतीस, आणि मला ती असली द्यावी लागते आहे. पाया पडतो. रागावलीस तरी चालेल, पण लगेच लिही, नाहीतर माझ्या हातून आणखी खोकी चुकतील.

तुझा,
चिंतोपंत


घरी
२३ फेब्रुवारी

चि. चिंतोपंतास,
अनेक उ. आ. (आज मोजून घेऊ नकोस, ढीगभर आहेत.)

अरे वेड्या, ही बातमी तू आठवडाभर दाबून ठेवलीस? असल्या बातमीसाठी तार करतात!

तुझे काका जन्मभर वाट पाहत होते की कोणीतरी येऊन म्हणावं, मास्तर, तुम्ही चुकलात. कोणी म्हणालंच नाही. चुकलात म्हणायला आधी वाचावं लागतं ना! लोक हसले, नाहीतर माना डोलावून चहा पिऊन गेले. मग ते जेवताना माझ्याशीच वाद काढायचे. मी हो म्हटलं की चिडायचे, तुला कळलंच नाही म्हणायचे. नाही म्हटलं की विचारायचे का नाही, आणि मग माझी पंचाईत. घास हातात धरून बसायची मी.

आणि आता एक माणूस त्यांची सातही खोकी वाचून, पेन्सिल चावून चावून सांगतोय की नाही, पटत नाही. आज ते असते तर धोतर सावरत तुझ्या वाचनकक्षात शिरले असते आणि प्रमुख बाईंनी त्या दोघांनाही बाहेर काढलं असतं.

सकाळीच बाजारात वकीलीणबाईंच्या दारात जाऊन ओरडून सांगितलं, की आमच्या ह्यांच्याविरुद्ध लेख छापून येतोय. त्यांना काही कळलं नाही, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सोबतची चिठ्ठी वाचकाच्या हाती दे. नाव विचारत नाही, तुझा नियम शाबूत आहे. आधी प्रमुख बाईंना दाखव, म्हणजे तुला झोप लागेल.

तुझी,
काकू


अनोळखी वाचकास,
स. न. वि. वि.

तुम्ही आमच्या ह्यांची नदी खोडून काढताय असं कळलं. फार आनंद झाला. पण मी सहजासहजी सोडणार नाही.

शाळेपुढे ह्यांनी खड्डा का घेतला नाही, हे तुम्हाला कागदांत सापडणार नाही, म्हणून सांगते. नदी वळते ती नेमकी आमच्या मागच्या अंगणात, असं ते म्हणायचे. तिथे माझी भांडी घासायची मोरी आहे. सगळ्या गावाची परसं उकरणारा माणूस, पण मी मोरीला हात लावू दिला नाही. ते तसेच परत फिरले. नवऱ्याला अडवता येतं हो, पण नदीचं काय ते एकदा ठरायला हवं.

तेव्हा लेख छापायच्या आधी इकडे या. गोटे निघाले तर नदी ह्यांची. नाही निघाले तर रस्ता तुमचा, आणि ह्यांच्या वतीने मी हार मानीन. कुदळ घरची आहे. धरायला आमचा पुतण्या येईल, तोच तुमची खोकी आणतो आणि गरज नसताना टेबलं पुसतो.

गवंड्याला बोलावून मोरी आजच फोडून घेतली आहे. भांडी सध्या दारात घासते. तरी लवकर यावे.

ओळख नसताना लोभ कसा मागू? भांडण तेवढं चालू ठेवावे, ही विनंती.

आपली,
नदीवेड्या मास्तरांची बायको