तिसऱ्या नंबरचा प्लग

१९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

चार महिने पत्र नाही, तुझे फोनही उचलले नाहीत, त्याबद्दल माफी मागते. फक्त तेवढ्याबद्दलच. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. वेळ होता, तुझ्याशी बोलायची इच्छा नव्हती.

गाडी देताना तू म्हणालास, आईला ने-आण करायला होईल, डोळे झाकून चालव. मी डोळे उघडे ठेवून चालवली आणि तरी फसले. माझी टिपून ठेवायची सवय तुला माहीत आहे. रोज ऑफिसातून आल्या आल्या बॉनेट उघडायचे आणि कूलंटची पातळी वहीत लिहायचे. दीड महिना 'ठीक, ठीक, ठीक'. ऑइल मात्र पंधरवड्याला मापाच्या पट्टीवर बोटभर उतरायचं. मी वरून घालत राहिले आणि गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मग ते जातं कुठे? वाटलं, पट्टी बघण्यात माझंच काही चुकत असेल. घरात काही बिघडलं की आधी स्वतःकडे बोट दाखवायची खोड मला आहेच, आणि तिचा फायदा तुला लहानपणापासून मिळत आलाय.

जुलैमध्ये आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत आणत होते. चढावर काटा लाल रेघेत गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. डोळ्याला पट्टी बांधलेली आपली आई पाऊण तास रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून होती. आणि म्हणत काय होती, तर दादाला कळवू नकोस, वाईट वाटेल त्याला. तुला वाईट वाटेल!

गॅरेजवाल्याने आधी माझी वही चाळली. म्हणाला, ताई, अक्षर मोत्यासारखं आहे, पण इंजिन तापलं की कूलंट फुगतं. हे म्हणजे जेवून उठल्यावर वजन केल्यासारखं झालं. गाडी थंड असताना सकाळी बघायचं असतं. मी इतकी खजील झाले की त्याच्यावरच डाफरले, काम वाढवून सांगू नका म्हटलं. तो हसला. रेडिएटरच्या तोंडावर त्याने हातपंप बसवला, हवा भरली आणि मला म्हणाला, आता तुम्हीच पंपाच्या काट्यावर नजर ठेवा. काटा हळूहळू उतरत होता, जमीन कोरडी होती. बाहेर गळत नाही म्हणजे आत जातंय, एवढं मलाही कळलं. मग त्याने इंजिनचे चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर ठेवले. तीन काळे, तेलकट. तिसऱ्या नंबरचा मात्र धुऊन काढल्यासारखा लख्ख. म्हणाला, इथे गॅस्केट गेलंय, कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. बाकीचे सिलिंडर ऑइल जाळतायत, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. आणि रेडिएटरच्या तळातून त्याने बोटावर तपकिरी गाळ काढून दाखवला. गळती बुजवायची पूड. वरून ऑइलही मुद्दाम जाड भरलेलं. ताई, म्हणाला, गाडी आजारी होतीच, पण कुणीतरी तिचा आजार दडवून दिलाय.

कुणीतरी. दादा, गाडी सहा वर्षं तुझ्याकडे होती. त्या पुडीचा रिकामा डबा स्टेपनीखाली सापडला आणि त्यावरची बनवल्याची तारीख मला गाडी मिळायच्या आदल्या महिन्याची आहे. तुझ्या मिस्त्रीने तुला न विचारता टाकली असेल, अशी तुझी वकिलीही मी स्वतःशी करून पाहिली. चार महिने करतेय. पटत नाही. तू नुसतं "खराब आहे" म्हणाला असतास, तर मी हसत घेतली असती आणि आईला रिक्षाने नेलं असतं.

हे पत्र मात्र आज का लिहितेय, ते ऐक. काल यांनी, तुझ्या मेहुण्यांनी, दुरुस्त न केलेल्या त्याच गाडीला गिऱ्हाईक आणलं. शाळेतले एक मास्तर, वडिलांना दवाखान्यात न्यायला गाडी हवी म्हणाले. यांनी सकाळीच कूलंट आणि ऑइल काठोकाठ भरून ठेवलं होतं. मी बघितलं आणि काही बोलले नाही. मास्तरांनी एकच विचारलं, वहिनी, पाणी-तेल खाते का? मी म्हटलं, नाही. इतक्या सहज म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. ते निश्चिंत होऊन गेले. तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही, आणि मला उत्तर हवंय. पण रात्रभर तुला शिव्या देताना प्रत्येक शिवी मलाच लागत होती, आणि असं मला तुझ्यावर रागावता येत नाही.

तुझीच,
धाकटी

उद्या: शाळेची घंटा व्हायच्या आत मास्तरांना फोन करून 'हो, खाते' म्हणून सांगणे.