छोटेलालचे पाय

प्रिय डिंपल,

तू फोनवर विचारलंस, सिनेमा कसा वाटला. मी म्हटलं, ठीक आहे. तू म्हणालीस, नीट सांगा ना, आणि शेवट? मी म्हटलं, शेवटही ठीक आहे. त्यावर तू जेवून घ्या एवढंच म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून आपलं बोलणं आईच्या गोळ्या आणि म्हशीचं दूध यापलीकडे गेलेलं नाही. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला लग्नापासून ठाऊक आहे, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. मुंबईत सिनेमावर लिहिणारे लोक विनोद, प्रेम आणि अभिनय वेगवेगळे तोलतात, असं तूच मला सांगितलं होतंस. मीही तसंच तोलतो. काटा कुठे माझ्याकडे झुकला तर झुकू दे, मी काही पेपरवाला नाही.

आधी चांगलं सांगतो. गोंदियात मराठी सिनेमाला एकच खेळ, तोही दुपारचा. आईनं दिवाळीचं नवं लुगडं नेसलं होतं. तिकीट फाडणाऱ्या पोराला तिनं थांबवून सांगितलं, "माह्या सुनेचा शिनेमा हाय, बराबर दाखवजो." तो बिचारा हो काकी म्हणाला. पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा आई उभीच राहिली आणि मागचे लोक ओरडले. माझाही ऊर भरून आला होता. सडक अर्जुनीच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला संवाद लिहून देणारी माझी बायको, आणि तिचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत! तिथेच सिनेमा संपला असता तर मी नाचत घरी आलो असतो.

पण मग विनोद सुरू झाला. मुलगी पाहायला आलेला छोटेलाल. नाव तरी बरं द्यायचं होतंस गं! चहा येतो, पोहे येतात, मुलगी समोर येऊन बसते आणि हा गडी विचारतो, तुमच्या तलावात पाणी काऊन कमी? मग पोह्याची बशी तशीच ठेवून तो तलावाकडे पळतो, पाण्याच्या दारात हात घालून गळती शोधतो आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन बैठकीत परत येतो. डिंपल, सगळं थिएटर हसत होतं. मागचा एक पोरगा म्हणाला, "क्या बंदा है यार!" आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसत होतं माहीत आहे? माझी आई. डोळे पुसत मला म्हणाली, "काऊन रे मोहित, हा टुरा तं तुयावानीच बोलून राहिला." विनोदाला मी पूर्ण गुण देतो. द्यावेच लागतात, तो घडला तेव्हा मी स्वतः हजर होतो.

तुडुम हा शब्द मुंबईकरांना कळणार नाही म्हणून तू पाण्याचं दार केलंस, तेही ठीक. पण एक गोष्ट तू बदललीस आणि ती मला अजून टोचते. देवरीकडच्या तुझ्या घरी त्या दिवशी मी चिखलाच्या पायांनी दारात उभा होतो. माझ्यासोबत आलेल्या काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्याच्या पोराला तलावाची पाळ दिसली की राहवत नाही, हे तुझ्या बाबांना तरी कसं सांगणार? ते स्वतः कोहळीच, पण तेही माझ्या पायांकडेच बघत होते. पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी एकदा देऊन झालेलं होतं, दुसऱ्यांदा कोण देणार? तेव्हा तू आतून गडवा घेऊन आलीस, सगळ्यांसमोर माझ्या पायांवर पाणी घातलंस आणि हळूच विचारलंस, निघाली का गळती? लग्नानंतर तूच मला सांगितलंस की तुझा होकार तिथेच ठरला होता. सिनेमात मात्र छोटेलालच्या पायांवर पाणी घालतो मुलीचा धाकटा भाऊ. ती खिडकीत उभी राहून खुदुखुदु हसते आणि मग आईला सांगते, हा नको. माझ्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा तिथेच चुरगळला. तो गडवा तू दुसऱ्याच्या हातात दिलासच कसा?

आता प्रेम. नायक वैमानिक. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, काळा चष्मा. बिरसीच्या विमानतळावर विमान उडवायला शिकतोय म्हणे. शिकायला वेळ कधी मिळतो त्याला? मी तर पूर्ण वेळ पाहत होतो, तो एकदाही पुस्तक उघडत नाही. सकाळी ती मुलगी शिकवते त्या शाळेसमोर, दुपारी त्याच शाळेसमोर, संध्याकाळी धानाच्या बांधीवर तिच्या मागे. बांधीवर बूट घालून चालतो आणि बुटाला चिखल लागत नाही! ती मुलं मोजत असते तेव्हा हा वरून विमान नेतो, ती कपाळावर हात धरून वर बघते आणि बासरी वाजायला लागते. हे गाणं म्हणे पुण्यात फार चाललं. मला विचारशील तर प्रेमाला शंभरात बारा. तेही बासरीवाल्याचे.

तू म्हणशील, मोहितला जळायला काहीही पुरतं. हो, जळतो मी. स्पष्टच लिहितो. लग्नाआधी तू बिरसीजवळच्या शाळेत शिकवायला होतीस. तिथे ती शिकाऊ पोरं खोल्या करून राहायची, हेही तूच सांगितलेलं. मी कधी काही विचारलं नाही. पण आपल्या घरावरून विमान गेलं की हातातलं काम सोडून तू वर बघायचीस. चुलीवर दूध असलं तरी. मला तेव्हा वाटायचं, लहान पोरासारखी हौस आहे बिचारीला. त्या दिवशी थिएटरात पडद्यावरच्या बाईनं तस्संच वर बघितलं, तसाच डावा हात कपाळावर. तेव्हापासून मीही विमान आलं की वर बघतो. काय शोधतो कोण जाणे.

अभिनयाचं लिहायचं राहिलं. नायकाला दोनच चेहरे येतात, एक चष्म्यासकट आणि एक चष्म्याशिवाय. नायिका गोड आहे, पण घागर उचलताना तिचं मनगट बघ, तिनं जन्मात पाणी भरलेलं नाही. खरं काम केलंय ते छोटेलालनं. बोलण्याआधी तो दोन्ही हात शर्टावर पुसतो. उत्तर येत नसलं की छताकडे बघतो. ठीक आहे म्हणतो, आणि त्याच्या ठीक आहेचे तीन वेगळे अर्थ मला खुर्चीत बसल्या बसल्या कळत होते. त्याची मुलाखत मी मोबाइलवर पाहिली. तो म्हणतो, लेखिकाबाईंनी मला हे सगळं स्वतः करून दाखवलं, माझ्यासोबत चालून दाखवलं. ते ऐकल्यापासून मी नायकाला सोडून याच्यावर जळतोय. माझं चालणं तू त्या परक्या माणसाला शिकवलंस, आणि मी असा चालतो हे मला एकदाही सांगितलं नाहीस.

तर हा माझा निकाल. हसवतो छान, प्रेम खोटं, अभिनय एकाचाच. शेवटचा भाग मी पाहिला नाही. मंडप लागला होता, वैमानिक घोड्यावर बसला होता, सनई सुरू झाली होती. पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गर्दीत अडकण्यापेक्षा आधी जाऊन पिकअप बाहेर काढलेली बरी, म्हणून मी उठलो. खरं सांगायचं तर मला ते लग्न बघवत नव्हतं. लोक म्हणतात, लिहिणारा आपल्या मनातलंच लिहितो. तुला आपली गोष्ट पुन्हा मांडायची संधी मिळाली, एवढा मोठा पडदा मिळाला, आणि तिथे तू मला नाही म्हटलंस. मला भीती एवढीच वाटते, की आज कोणी विचारलं तर तू खरोखरही नाहीच म्हणशील. मुंबईत तुला दुसरं काम मिळतंय म्हणतेस. कर. पण परत येणार आहेस का, ते मला नीट सांग.

इथपर्यंत लिहून मी कागद घडी करून ठेवला होता. आज दुपारी आई देवरीहून परतली. सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी ती मंजूकडे, लेकीच्या घरी, राहायला गेली होती ना. थिएटरातून घरी येताना तिनं शेवटाचं काहीतरी काढलं होतं, तेव्हा मी गाडीत गाणी मोठी केली होती आणि ती रुसून खिडकीबाहेर बघत बसली होती. आज बसमधून उतरल्या उतरल्या तिनं मला धरलं. म्हणाली, मंजूच्या घरी सगळ्यांना गोष्ट सांगून सांगून तिचा गळा बसला, आणि पोटच्या पोराला मात्र ऐकायची नव्हती. मग अंगणातच पिशवी ठेवून तिनं सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितो. "तू भाईर गेला, अन् तो छोटेलाल लग्नाले आला. रस्त्यात तलाव लागला, तं गेला ना बाप्पा पुन्हा पान्यात! चिखलाचे पाय घेऊन मांडवाच्या दारात उभा. सारे हासून राहिले. अन् ते नवरी उठली, गडवा घेतला, अन् सोताच त्याच्या पायावर पानी टाकाले लागली. वरून इमान गेलं, घू घू करत. पन तिनं वर पायलंच नाई रे. पानीच टाकत राह्यली. मंग त्या इमानवाल्याले सोडलं तिनं, अन् याच्याशीच लगन लावलं. अन् तू गाडी काढाले गेलता, बयताडा!"

मी आईला दोनदा विचारलं, वर पाहिलं नाही, नक्की? ती म्हणाली, नक्की. मी तसाच पिकअप काढून गोंदियाला गेलो. आपला सिनेमा उतरला होता, तिथे कुठल्या तरी हिंदी मारामारीचं पोस्टर लागलं होतं. तिकीट फाडणारा पोरगा ओळखीचं हसला आणि म्हणाला, काकीवाला पिक्चर कालच गेला, भैया. मी पायरीवर बसून राहिलो. पोस्टरवर जो मोठा दिसतो तोच नायक, असं मी धरून चाललो होतो. माझ्यासारखा प्रेक्षक तुला सबंध महाराष्ट्रात दुसरा मिळाला नसेल.

वरची पानं फाडून नवं गोड पत्र लिहावं, असं मनात आलं. नाही फाडली. तू खरं विचारलं होतंस, आणि मी किती जळलो तेही खरंच आहे. प्रेमाचे बारा गुण मात्र खोडून टाक, ते मी चुकीच्या माणसाला दिले होते. हे पत्र लिहिलं ते एवढं सांगायला, की ज्या शेवटाला मी फोनवर ठीक आहे म्हटलं तो मी पाहिलाच नव्हता. तू तसा फोन का ठेवलास, हे मला आज कळतंय. शुक्रवारी विदर्भ एक्स्प्रेसनं निघतो. मुंबईत कुठे लागलेला असेल तर आपण तो सिनेमा शेजारी बसून बघू, आणि समाप्तची पाटी येईपर्यंत मी उठणार नाही. कुठेच नसेल तर शेवट मला तू दाखव. निघायच्या दिवशी सकाळी रब्बीसाठी तलावाचं पाणी सोडायचं आहे, त्यामुळे पाय स्वच्छ असतील याची खात्री देत नाही. तुझ्या तिथल्या खोलीत गडवा नसेल. प्लास्टिकचा मग असला तरी चालेल.

तुझाच,
छोटेलाल