आरशासमोरचा झगा

४ जानेवारी १९७१
पोहोचलो एकदाचा कलकत्त्याला. भवानीपुरातल्या एका बंधुसभेने आपल्या अध्यक्षांचे तैलचित्र करायला मला थेट कोल्हापूरहून बोलावले आहे. राहायला सभागृहावरची खोली, जेवण सभेचे. स्वारी खूश आहे. शपथा, खुणा, गुप्त मंडळे यांचे मला लहानपणापासून वेड. हाती लागेल ते वाचले. सरोज म्हणते, शपथ असेल तर तुम्ही भजी तळणाऱ्यांच्या मंडळातही शिराल. ती वीस तारखेला येते आहे. लग्नानंतर एकत्र फिरणे असे हे पहिलेच.

अध्यक्ष शरच्चंद्र देवधर ऐंशीच्या पुढचे. घराणे तीन पिढ्या इथलेच, त्यामुळे मराठीत मध्येच बंगाली डोकावते. मला दीक्षा द्याल का, असे पहिल्याच भेटीत विचारून टाकले. आधी छबी होऊ दे, मग शॉब होबे, सगळे होईल, म्हणाले.

८ जानेवारी
देवधरांना पाव तासही बसवत नाही. खोकतात, हात कापतो. त्यात शहराला चैन नाही. गल्लीत बॉम्ब फुटला की म्हातारबुवा खुर्चीतून उठतात. चेहरा कसाबसा उतरवला, अध्यक्षपदाच्या निळ्या मखमली झग्याच्या चुण्या राहिल्या. म्हटले, झगा मीच घालतो आणि आरशात बघून रंगवतो; आम्ही व्यक्तिचित्रवाले नेहमीच असे करतो. ते इतके हरखले की खोकायचे विसरले. झगा स्वतः माझ्या अंगावर चढवला, छातीवर डावीकडे पदक लावले आणि सभेचे एक वाक्य म्हणवून घेतले: तुमची जागा मी घेतली, माझी तुम्हाला दिली. मी हौसेने, खणखणीत म्हटले. दीक्षाच मिळाली म्हणायची.

१२ जानेवारी
थंडी बाधली असावी, खोकला सुटला आहे. देवधर मात्र झपाझप जिना चढून लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, घेऊन आले आणि निम्म्या स्वतःच खाऊन गेले.

चित्रातला चेहरा बिघडतो आहे. गालाचे हाड देवधरांचे नाही. सकाळी सुधारले, दुपारी पुन्हा तसेच. चिडचिड होते, एका जागी बसवत नाही.

१५ जानेवारी
खाली जुन्या अध्यक्षांची चित्रे भिंतीवर आहेत. आज नीट पाहिली. प्रत्येकावर सही वेगळी. एकाही चित्रकाराला दुसऱ्यांदा बोलावलेले नाही. आणि पदक सगळ्यांचे उजवीकडे. सभेत ते डावीकडेच लावतात, उजवीकडे दिसते ते आरशात. नजरही ओळखीची, स्वतःला आरशात बघत रंगवणाऱ्याची. हे अध्यक्ष नव्हेत. हे चित्रकार आहेत. मला भीती वाटते आहे.

१७ जानेवारी
झगा परत द्यायला गेलो. देवधरांनी घेतला नाही. तो आता तुमचाच, म्हणाले. त्यांचे केस काळे होत चालले आहेत. माझ्या हातांवर डाग — म्हातारपणाचे. चित्र खरवडायला सुरी लावली, तर रक्त आले. माझ्या गालातून.

१८ जानेवारी
सरोजला तार करायची, येऊ नकोस म्हणून. जिना उतरवत नाही — धाप लागते. हाका मारल्या. सभासद धावत आले, मला अंथरुणावर निजवले, देवधरबाबू, विश्रांती घ्या म्हणाले. तार कुणी लिहून घेतली नाही. देवधरबाबू — मला.

१९ जानेवारी
दाढीच्या आरशात ते. चित्रात मी. डोळे तेवढे राहिलेत. ते रंगवले नाहीत तर कदाचित — ब्रश खिडकीतून फेकले.

२० जानेवारी
तो आला. माझा कोट, माझा चेहरा, हातात माझेच ब्रश. दोन फटकाऱ्यांत डोळे पुरे केले. मुंबई मेल वेळेवर आहे म्हणाला, सरोजला आणायला हावड्याला निघाला — मी दारापर्यंतही —

जिन्यावर तिचे हसणे —

आत आली. चित्र बघून त्याला म्हणाली, अगदी हुबेहूब तुम्हीच. मग पदर सावरून माझ्या पाया पडली. काका म्हणाली. मी तिचा हात धरला, सुटू दिला नाही — तिने झटकला. घाबरून त्याच्या मागे गेली — माझ्या सरोजला मी भिववले —

लिहून दाखवतो. अक्षर तरी ओळखेल. हे बघ सरोज, हे माझे — नाही, हे वळण माझे नाही — हा हात — सरोज, मी तुझा —