चिमूटभर हिंग

मंगळवार संध्याकाळ, नाहूर

दोन महिने झाले घरातला गहू बंद करून. मनवाला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कणही पोटाला बाधणारा आजार; धाकट्या ओजसलाही असू शकतो, म्हणून सगळ्यांचीच चपाती बंद. पोळपाट-लाटणंसुद्धा टाकून दिलं. ओट्यावर सासूबाईंच्या बिस्किटाचा चुरा दिसला, तर काय काय बोलले मी त्यांना! तेव्हापासून त्या बिस्किट खायला खाली सोसायटीच्या बाकावर जातात. सत्तरीची बाई.

तरी मनवाचं पोट दुखायचं थांबेना. दुखलं की मी ताकात चिमूटभर हिंग घालून द्यायचे. माझी आई द्यायची, म्हणून मीही. परत दुखलं की परत हिंग.

आज आमटीला फोडणी दिली. मनवा हल्ली प्रत्येक पाकीट उलटून वाचते, मीच लावलेली सवय. हिंगाची डबी उचलून म्हणाली, "आई, यात गव्हाचं पीठ आहे गं."

बारीक अक्षरात होतंच. दोन महिने ती डबी रोज माझ्याच हातात होती. चुरा दिसला मला, डबी नाही दिसली?

आमटी सिंकमध्ये ओतली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "जाऊं दे गो, तुका काय म्हायत."

तेवढ्यात ओजस पोट धरून आला. आजवर कधी दुखतं म्हणाला नव्हता.

"आई, ताईला देतेस ते ताक मला पण दे ना."