सतरा नंबरच्या गोगलगाईचा प्रवास

तीर्थस्वरूप मामांना,

दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले असल्यामुळे (आता धुतले आहेत, पण नमस्काराची आठवण झाली तेव्हा माखलेले होते) मनातल्या मनात वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? नव्या बसमधली ड्रायव्हरची सीट जुन्या सीटपेक्षा बरी आहे असं आईनं कळवलं, पण आई तुमच्याबद्दल नेहमी बरंच कळवते, तेव्हा खरं काय ते तुम्हीच लिहा. मामीचे गुडघे काय म्हणतात? मी इकडे खुशाल आहे. हेडबाई खुशाल आहे. चौकीदारही खुशाल असावा. तो दिवसातले वीस तास झोपतो, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

हेडबाई म्हणजे माझं बदक. अंडी देत नाही म्हणून अंडेवाल्यानं ती मला पिशवीत घालून दिली आणि मागे वळूनही न बघता निघून गेला. तिची चाल, मान आणि एकूण नापसंती पाहून आमच्या शाळेतल्या हेडबाईंची आठवण होते, म्हणून ते नाव. चौकीदार हा कुत्रा. तो मला खोलीबरोबर मिळाला. आधीच्या भाडेकरूनं सामान नेलं, पडदे नेले, खिळेसुद्धा उपटून नेले, फक्त चौकीदार ठेवला, कारण तो उठला नाही.

मी गोगलगायींचा अभ्यास करते हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातली पहिली पदवी मी मिळवली तेव्हा पुढे कशाला शिकायचं यावर जी सभा भरली होती, तिच्यात माझ्या बाजूनं बोललेले तुम्ही एकटे. ‘पोरगी गोगलगायी मोजते म्हणते ना, मोजू दे. आम्ही तरी काय, मैलाचे दगडच मोजतो,’ असं तुम्ही म्हणाला होतात. ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. या सगळ्या प्रकाराची थोडी जबाबदारी त्यामुळे तुमच्यावरही येते, हे नम्रपणे नमूद करते.

माझ्या कामाची जागा खोलीपासून दोन किलोमीटरवर, कालव्याच्या काठी. सकाळी कॉलेजला जाताना तिथे एक ओलं गोणपाट अंथरायचं, दुपारी चार वाजता उचलायचं. उन्हाला कंटाळलेल्या गोगलगायी त्याखाली जमतात. मग प्रत्येकीच्या शंखावर नेलपॉलिशनं आकडा घालायचा आणि कोण कुठे सापडली ते लिहायचं, म्हणजे गोगलगाय आयुष्यात किती फिरते ते कळतं. (नेलपॉलिश लाल. कालव्याच्या रखवालदारांनी पहिल्या दिवशी बराच वेळ बघून ‘ताई, यांना कुणाच्या लग्नाला न्यायचंय?’ असं विचारलं. मी त्यांना संशोधनाचं महत्त्व अर्धा तास समजावलं. ते सगळं ऐकून ‘म्हणजे लांबचं लग्न दिसतंय,’ एवढंच म्हणाले.) गोणपाट तिथे ठेवलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी नेतं, म्हणून मी ते रोज चारनंतर दोनदा झटकून, गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणते आणि अंगणात पसरते. त्यावर हेडबाई आणि चौकीदार झोपतात. मामा, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवायला हवं होतं.

महिन्याभरापूर्वी सकाळी दात घासताना मला घरमालकीणबाईंच्या कुंपणावर एक गोगलगाय दिसली. तिच्या शंखावर लाल सतरा. माझा ब्रश तोंडातच राहिला. वही काढून पाहिली, तर सतरा नंबर कालव्याच्या काठी शेवटची दिसली त्याला चोवीस दिवस झाले होते. मी तिथेच पायरीवर बसून गणित मांडलं. गोगलगाय सेकंदाला साधारण एक मिलिमीटर चालते असं धरलं, तर दोन किलोमीटरला तेवीस दिवस आणि काही तास लागतात. म्हणजे ती झोपली नाही, जेवली नाही, कुठे वळली नाही आणि वाटेतला मोठा रस्ता तिनं गाड्यांच्या खालून पार केला, तर हिशोब बरोबर जुळत होता, वर अर्धा दिवस विश्रांतीला उरत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढासा जीव, आणि केवढा निश्चय!

मी हे आमच्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पुन्हा मोजून बघ.’ मला ते फार लागलं. मोठं काही घडलं की जुनी माणसं असंच म्हणतात, असं मला वाटलं. मग मी मोठा तक्ता रंगवला, त्यावर लाल रेघेनं सतरा नंबरचा मार्ग काढला आणि कॉलेजच्या चर्चासत्रात पंचेचाळीस माणसांसमोर बोलले. शेवटी ध्येय आणि चिकाटी यांवरही थोडं बोलले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला प्रयोगशाळेचा शिपाई उभा राहिला होता. (नंतर कळलं की त्याला खुर्ची नव्हती.)

त्याच संध्याकाळी मी दादांना फोन केला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुम्ही दाढीला त्यांच्याकडेच जाता. दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात लेकीचा, म्हणजे माझा फोटो, त्याखाली खडूनं ‘दोन किलोमीटर’, आणि खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धी दाढी झाली की गोष्ट सुरू. अर्ध्या दाढीवर कोण उठून जाणार? आई सांगते, गेल्या महिन्यात गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना सतरा नंबर पाठ झाली आहे.

इकडे मात्र अंगणात वेगळंच चाललं होतं. घरमालकीणबाई पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या आणि आता तीच शिस्त त्यांनी कोबीला लावली आहे. चोवीस रोपं, सहाच्या चार ओळी, प्रत्येकीची रोज सकाळी पाहणी. त्या रोपांना कुणीतरी भोकं पाडायला लागलं होतं. आणि रोज सकाळी वाफ्यात सापडायची ती हेडबाई, मान खाली घालून, चोच भरलेली. मी हेडबाईला समजावलं, बांधून ठेवलं, तिच्यासमोर कोबीचं पान धरून ‘हे नाही’ असं रोज दहा वेळा म्हटलं. (तिनं त्या पानाला एकदाही तोंड लावलं नाही, हे वहीत लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ मात्र लिहिलेला नाही.) शेवटी बाईंनी निकाल दिला, ‘शनिवारपर्यंत ते बदक अंडेवाल्याला परत जाईल.’ अंडेवाला अंडी न देणाऱ्या बदकाचं काय करतो, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या बुधवारी दुपारी चार वाजता मी एकतीस नंबर रंगवली आणि तिथेच बसून वही पूर्ण केली. मग नेहमीप्रमाणे गोणपाट झटकलं, बांधलं, घरी येऊन पसरलं. चौकीदार त्यावर लोळला. साडेचार वाजता त्याच्या पाठीवरून एक गोगलगाय सावकाश मानेकडे निघाली होती. एकतीस. रंग ओला होता. चौकीदाराच्या केसांना लाल डाग लागला होता. मी सवयीनं गणित मांडायला घेतलं. अर्ध्या तासात दोन किलोमीटर. त्यातली वीस मिनिटं मी वही लिहीत होते, उरली दहा. दहा मिनिटांत दोन किलोमीटर, हा वेग मला कुठेतरी ओळखीचा वाटला. तो माझ्या सायकलचा होता.

गोणपाट उलटं केलं. आतल्या घडीत आणखी तीन जणी चिकटून बसल्या होत्या. (झटकलं की त्या आणखी घट्ट धरतात. हे पुस्तकात आहे, पान बेचाळीस. मी त्याखाली रेघही मारलेली आहे.) म्हणजे गेले जवळजवळ दोन महिने मी रोज गोगलगायी बसवून आणत होते, त्या उतरून कोबी खात होत्या आणि हेडबाई रोज सकाळी त्यांना खाऊन कोबी वाचवत होती. सतरा नंबर पहिल्याच दिवशी आली असणार. चोवीस दिवस तिनं चालण्यात घालवले नव्हते, जेवणात घालवले होते.

खरं सांगते मामा, मी गोणपाट पुन्हा गुंडाळायलाही घेतलं होतं. मी गप्प बसले असते, तर दोन किलोमीटर टिकले असते. हेडबाई टिकली नसती.

बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘म्हणजे किडे घरी आणायचेस तू, आणि बोलणी खायची त्या मुक्या जनावरानं?’ (हेडबाईला मुकं म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती.) मग आत जाऊन त्यांनी हेडबाईला वाटीभर भिजवलेले दाणे आणून घातले आणि मला गोणपाट यापुढे फाटकाबाहेर, त्यांच्यासमोर, ब्रशनं घासण्याची शिक्षा दिली.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ऐकलं. म्हणाल्या, ‘मी काय सांगितलं होतं?’

‘पुन्हा मोजून बघ, असं.’

‘मग?’

‘मला राग आला होता.’

‘स्वतःसाठी आला असता तर चाललं असतं. तुला गोगलगाईच्या वतीनं आला. तो उतरत नाही.’ मग त्यांनी फर्मावलं, की येत्या शुक्रवारी अकरा वाजता, तीच माणसं, तेच सभागृह, तोच तक्ता. नवा करायचा नाही. चुकीची नोंद खरवडायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहायचं. तेव्हा सध्या मी त्या लाल मार्गावर एक काळी रेघ मारून शेजारी सायकल काढते आहे. सायकल चांगली जमत नाही.

विज्ञानात सत्यापुढे बाकी सगळं गौण असतं, यावर माझा पूर्वीइतकाच विश्वास आहे. मामीला नमस्कार. कमरेला शेक देत जा.

तुमची भाची

ता. क. : एक छोटंसं काम होतं. दादांना मी फोनवर ‘शुक्रवारी त्याच विषयावर पुन्हा बोलायचं आहे’ एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं, लोकांनी आग्रह केला. दुकान बंद ठेवून, तीन गिऱ्हाइकं बरोबर घेऊन ते शुक्रवारी तुमच्याच बसनं इकडे येत आहेत. नवा सदरा शिवला आहे म्हणे. तुमची बस दहाला पोचते. ती वाटेत कुठेतरी, कुणालाही त्रास न होता, दोन तास थांबली, तर ते चहाच्या वेळेला पोचतील आणि सगळं छान होईल. बसमधलं तुम्हाला जास्त कळतं.

ता. क. दोन : वरचा ता. क. रद्द समजावा. खरवडलेला नाही, कारण वर लिहिलंच आहे. पाकीट चिकटवताना एक गोष्ट आठवली. दादांच्या हातून कुणाला वस्तरा लागला, तर ते आधी तुरटी घेत नाहीत. आधी आरसा गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘बघा, इथं लागलंय माझ्याकडून.’ मी लहान असताना दुकानाच्या बाकावर बसून हे पुष्कळदा पाहिलं आहे. तेव्हा बस वेळेवर आणा. त्यांना आधी काही सांगू नका, मी सांगेन. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवते.

ता. क. तीन : दादांना बस लागते, पुढच्या सीटवर खिडकीशी बसवा. आणि त्या तीन गिऱ्हाइकांनी वाटेत विचारलंच, तर सांगा, गोगलगाय दोन किलोमीटर गेली हे अगदी खरं आहे. कशी गेली, ते आमची पोरगी स्वतः उभी राहून सांगणार आहे.